लग्नानंतर जर्मनीत राहायला गेलेल्या जोडप्याचं रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की लग्न ठरलंय, होणारे मिस्टर स्टुटगार्टला नोकरीला आहेत, आणि पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही डिपेंडंट व्हिसावर जाणार आहात. बर्फातले नि ख्रिसमसच्या बाजारातले फोटो बाजूला ठेवून तिथला खरा दिवस कसा जातो, आणि बॅगेत काय भरू, असे तुमचे दोन प्रश्न. मी त्याच शहरात राहतो आणि तुमच्यासारखाच डिपेंडंट म्हणून आलो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, माझ्या बायकोचं. ती सॉफ्टवेअरमध्ये, मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला होतो. नाशिककर ज्याला अजूनही मायको म्हणतात त्या बॉशचं मूळ गाव हेच, त्यामुळे नातेवाइकांची खात्री होती की जावई उतरल्या उतरल्या कामाला लागणार. तसं होत नसतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी घर. नाशिकला आम्ही दोघंच राहायचो, पण ते घर दोघं चालवत नव्हतो. भांडीवाल्या मावशी, दूधवाला, इस्त्रीवाला, किराणा पोचवणारा पोरगा, नळ गळला तर एका फोनवर येणारा प्लंबर, आणि दर शनिवारी डबे भरून पाठवणारी आई, एवढा फौजफाटा होता. इथे ती सगळी फौज म्हणजे नवरा-बायको. भाड्याचं घर मिळतं त्यात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही, आणि छताला दिव्याच्या जागी दोन वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपलं किचन काढून तरी नेतो, नाहीतर तुम्हाला विकतो. मिस्टरांचं घर आधीच लागलेलं असेल तर तुमचा हा अध्याय वाचला. पण हातात ड्रिल धरायची वेळ कधी ना कधी येणारच, कारण माणूस बोलवायचा तर तारीख मिळायला आठवडे जातात आणि बिल बघून घाम फुटतो.

शिवाय तुम्ही जाताय तो मुलूख श्वाबन लोकांचा, टापटिपीसाठी आख्ख्या जर्मनीत प्रसिद्ध. बऱ्याच इमारतींत 'केरवोखे' नावाचा प्रकार असतो. दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते, की हा आठवडा तुमचा. जिना झाडायचा, पुसायचा, पाळी मोठी असेल तर तळघर आणि समोरचा फूटपाथही. हिवाळ्यात बर्फ सारायची जबाबदारीही अनेकदा भाडेकरूंवरच असते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत. आमची पहिली पाळी झाली आणि त्या वर आल्या, आम्हाला वाटलं ओळख करून घ्यायला आल्या. त्यांनी जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, ते आम्हाला दाखवलं, आणि अगदी प्रेमाने 'हे पण' म्हणून गेल्या. राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याच आजी आता आमचं पार्सल घेऊन ठेवतात. इथल्या माणसांचं हे असंच आहे: आधी नियम, मग ओळख, आणि ओळख झाली की पक्की.

रविवारी दुकानं बंद. रविवारच्या सुट्टीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्यामुळे 'आज जरा घेऊन येते' चालत नाही. रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या असतात. साहजिकच शनिवार हा आमच्या घरात सगळ्यात धावपळीचा दिवस. टर्किश दुकानातून कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या. तमिळ किंवा पंजाबी दुकानातून तूरडाळ, पोहे, हिंग. सुपरमार्केटमधून दूध-दही, आणि जाताना आठवडाभराच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी. प्लास्टिकच्या बाटलीला नि कॅनला २५ सेंट अनामत असते, मशीनमध्ये टाकलं की पावती येते. दहा युरोची पावती निघाली की बायकोला बोनस मिळाल्यासारखा आनंद होतो. आवाज नको म्हणून रविवारी मिक्सरसुद्धा लावायचा नाही, ड्रिलचं तर नाव नको. इडलीचं पीठ शनिवारी संध्याकाळीच वाटून ठेवायचं, आणि थंडीत ते फुगायला ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेवायचं.

थंडीचं सगळे विचारतात, पण थंडीपेक्षा अंधार जास्त त्रास देतो. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. बायको ऑफिसला जाते तेव्हा उजाडलेलं नसतं आणि येते तेव्हा मिट्ट काळोख. घर तापवलेलं असतं, पण दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, जानेवारीतही. नाही केलं तर भिंतींना बुरशी धरते आणि घरमालक ते तुमच्या नावावर टाकतो. फोडणी दिली की आम्ही हे मुकाट्याने करतो, कारण मोहरी तडतडली की धुराचा अलार्म ओरडायला लागतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दिवस कसा जातो हे दोघांचं वेगवेगळं उत्तर आहे, आणि तुम्हाला जे बहुतेक कुणी सांगत नाही ते हे की घरी राहणाऱ्याच्या गळ्यात हळूहळू सगळं येऊन पडतं, मग ती बाई असो की बुवा. कुणी लादत नाही. ती दमून येते, आपण घरीच असतो, म्हणून भांडी आपण. मग कपडे. मग भाजी. मग दोन्हीकडच्या आयांचे फोन. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. ती संध्याकाळी सहाला घरी येते तेव्हा हिवाळ्यात तिकडे साडेदहा वाजून मंडळी अंथरुणात शिरलेली असतात. मग दुपारचा फोन कोण करणार? जो घरी आहे तो. सासूबाईंच्या गुडघ्यापासून मावसभावाच्या साखरपुड्यापर्यंत दोन्ही घरांचा सगळा वृत्तान्त माझ्याकडे असतो, बायकोला मी रात्री जेवताना बातम्या सांगतो. मला यात मजा येते, पण मी पुरुष असल्यामुळे माझं कौतुकही होतं हे मला कळतं. 'जावई किती करतो!' तुम्ही तेच केलंत तर कुणी भुवई उंचावणार नाही, उलट एखादा फोन चुकला तर विचारणा होईल. म्हणून कुणी कधी स्वयंपाक करायचा, कुणाच्या घरी कुणी फोन करायचा, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका. नंतर ठरवायला गेलं की त्याला भांडण म्हणतात.

आणि उंबऱ्याबाहेरचं असं तुमचं स्वतःचं काहीतरी लवकर सुरू करा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा सक्तीची नाही, आणि इथे आल्यावर कुठलीही नोकरी करायची पूर्ण मुभा असते. पहिल्या सवलतीमुळे लोक भाषा शिकत नाहीत, आणि मग दुसरीचा काही उपयोग होत नाही. सॉफ्टवेअर असेल तर इंग्रजीवर निभावतं. माझ्यासारखं शॉप फ्लोअरचं, हिशेबाचं, शिक्षिकेचं, नर्सिंगचं काम असेल तर चांगली जर्मन लागते, निदान बी-टू, म्हणजे चौथी पातळी म्हणा. पुण्यात जर्मन शिकायची सोय उत्तम आहे. लग्नाची खरेदी एक शनिवार कमी करा, पण ए-वन, ए-टू तिकडेच उरकून या. इथे आल्यावर सरकारी इंटिग्रेशन कोर्स आहे, ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या इतिहास-कायद्याचे. मला नोकरी त्या कोर्सनंतरच लागली, पण कोर्सचा खरा फायदा वेगळाच झाला. सकाळी साडेआठला कुठेतरी पोचायचं असतं. वर्गात सीरियाचा न्हावी, युक्रेनची दंतवैद्य, ब्राझीलची नवी नवरी, आणि सगळ्यांची जर्मन सारखीच मोडकी. 'काल काय केलं' एवढं सांगायला प्रत्येकाला पाच मिनिटं लागायची, आणि हसू येऊन वर्ग थांबायचा. त्या वर्गात मी कुणाचा नवरा नव्हतो. घरी आल्यावर बायकोला सांगायला माझीही गोष्ट असायची.

कागदपत्रांत एक-दोन गोष्टी तुमच्या हिताच्या म्हणून स्पष्ट सांगतो. आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. लग्नानंतर आडनाव बदलणार नसाल तर पत्रपेटीवर तुमचं आडनावही लावून घ्या. पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि इथे टॅक्स नंबरपासून बँकेच्या पिनपर्यंत सगळं पत्रानेच येतं. सरकारी आरोग्य विमा असेल तर कमाई नसलेला जोडीदार त्यात वेगळा हप्ता न भरता बसतो. टॅक्स क्लासचं, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ज्यावरून ठरतं त्या वर्गाचं, मात्र समजून घ्या. एकच कमावतं असेल तर लोक तीन-पाच घेतात, कमावणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला पाच, म्हणजे कमावणाऱ्याच्या हातात दरमहा जास्त येतात. तुम्ही नोकरीला लागलात आणि पाचच राहिला तर तुमचा पगार हातात पडताना एवढासा दिसतो, आणि बाळंतपणानंतर मिळणारा भत्ताही त्याच हातातल्या पगारावरून ठरतो. दोघांनाही चार, असा चार-चारचा पर्याय असतो, वेळेत बदलून घ्या.

स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा, आणि शक्य असेल तर घराच्या करारावर दोघांची नावं असू द्या. तुमचा राहण्याचा परवाना नवऱ्यामुळे असतो. स्वतंत्र हक्क साधारण तीन वर्षं इथे एकत्र संसार झाल्यावर मिळतो, छळासारख्या प्रसंगात त्याआधीही मिळू शकतो. ११६ ०१६ हा बायकांसाठीचा मदतीचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, अनेक भाषांत बोलतात. लग्न ठरलेल्या मुलीला हे काय सांगतोय असं वाटेल. माझ्या बहिणीला सांगितलं असतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

भांडणं होतात. सगळ्यांची होतात, पण तिकडे भांडण पातळ करायला माणसं असतात. कुणी येतं, कुणाचा तरी फोन वाजतो, दोघं आपोआप सरळ होतात. इथे दोन खोल्या आणि आपण दोघं. रुसून माहेरी जायची सोय तिलाही नाही आणि मलाही नाही. सुदैवाने हे शहर खोलगट वाटीत वसलंय, चारी बाजूंना द्राक्षमळे नि चढणीचे दगडी जिने, असे चारशेच्या वर जिने आहेत. राग आला की आमच्यातलं एक जण जिना चढायला जातं. वर पोचेपर्यंत मुद्दा काय होता ते आठवत नाही, इतका दम लागतो.

मजाही आहे, नाही असं नाही. नोकरीत साधारण तीस दिवस सुट्टी मिळते आणि ती घेतली नाही तर साहेबच विचारतो. जर्मनीभर चालणारा लोकल गाड्यांचा पास २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ होता, पुढे आणखी वाढला, तरीही परवडतो. डबा घ्यायचा आणि सुटायचं. गाड्या मात्र वेळेवर असतात या समजुतीत येऊ नका; मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला अजिबात परकं वाटणार नाही. गणपतीत मराठी मंडळी जमतात, कुणाच्या तरी पोराला लेझीम येत नसते, कुणीतरी उकडीचे मोदक करून आणलेले असतात, आणि घरी परतताना ट्राममध्ये आमच्या झब्ब्यांकडे सगळे बघत असतात.

आता बॅग. कुकर आणि तवा सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालेल असा घ्या. मिक्सर आणा, व्होल्टेज जमतं, पण आपली जाड तीन पिनांची प्लग इथे बसत नाही, अडॅप्टर लागेल. पोळपाट-लाटणं आणाच. कणीक भारतीय दुकानात मिळते. ती नसली की आम्ही इथलं १०५० नंबरचं गव्हाचं पीठ भिजवतो, पोळ्या बऱ्या होतात. चक्का बांधायची भानगड नाही, क्वार्क म्हणून मिळतं त्यात साखर-वेलची घातली की श्रीखंड तयार. चष्मा नंबरचा असेल तर दोन जोड करून घ्या, दातांचं काम उरकून घ्या. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. इथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सर्दी-तापाला डॉक्टर बहुतेक चहा प्या नि झोपा म्हणतात.

गोडा मसाला आणि मेतकूट मात्र घरचं, भरपूर आणा, ते आमच्या इथल्या दुकानांत क्वचितच दिसतं. पेढे, खवा, तूप भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाल्याने पकडलं तर डोळ्यांदेखत फेकून देतात. आई ऐकणार नाहीत, पण त्यांना सांगा की इथलं लोणी चांगलं असतं, तूप तिकडेच कढवीन.