साइटवर चढवताच पैठणीचा रंग उडतो? आधी फाइलचं नाव बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि मला २०१७ ची दिवाळी आठवली. लॅपटॉपवर मोरपंखी पैठणी हुबेहूब दिसते, साइटवर चढवली की रंग उडतो, तर कॅमेरा बदलू का, असं तुम्ही विचारलंय. बदलू नका. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये सगळ्या फाइलींची नावं अंडरस्कोअरने सुरू होतात. माझ्याही व्हायच्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत याचा अर्थ मेनूत कलर स्पेस, म्हणजे रंग आकड्यांत लिहायची पद्धत, 'अ‍ॅडोबी आरजीबी' लावलेलं आहे.

मी तेव्हा येवल्यातल्या ओळखीच्या विणकरांना फोटो काढून द्यायचो. अ‍ॅडोबी आरजीबीत जास्त रंग मावतात, विशेषतः हिरवे, असं वाचून मी तेच लावलं होतं. मावतात हे खरं. पण विक्रीची साइट फोटो लहान करताना आतलं कलर प्रोफाइल, म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीचे हे सांगणारी चिठ्ठी, काढून टाकायची. ते गेलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीचे, समजतो आणि रंग फिके दिसतात.

माझी खरी चूक पुढची. कारण न शोधता मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवत गेलो. रात्री जागून साठेक साड्या. मोरपंखी जरा सावरला, पण कुंकवाच्या रंगाच्या साड्यांत लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लालचा आकडा, टोकाला जाऊन आपटला. पोत गेला, घड्या सपाट झाल्या. 'फोटोतली साडी ही नव्हे' म्हणत अकरा पैठण्या परत आल्या. एकेक साडी महिनोन्महिने मागावर असते हो, आणि परतीचं कुरिअर विणकराच्याच माथी. त्या साइटच्या मदतकक्षाकडून तीन आठवडे एकच ठरीव उत्तर येत होतं: रंगाची जबाबदारी विक्रेत्याची. आमच्याकडे प्रोफाइल उडतं, एवढं कोणी सांगितलं असतं तरी दिवाळी वाचली असती. अजून राग येतो.

ग्रे कार्ड, व्हाइट बॅलन्स (उजेड कसाही असला तरी पांढरा पांढराच दिसावा ही जुळवणी) तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही. कॅमेऱ्यात एसआरजीबी लावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढत असाल तर या सेटिंगने फरक पडत नाही, तिथे एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी निवडा. जुन्या जेपेगना फोटो एडिटरमध्ये 'कन्व्हर्ट टु प्रोफाइल' करून एसआरजीबीत आणा, 'असाइन' अजिबात नको. असाइनने आकडे तेच राहतात, नुसती चिठ्ठी बदलते, म्हणजे फिका रंग कायमचा पक्का होतो. तुमची साइट नेमकं काय करते हे मला इथून कळणार नाही; चढवलेला फोटो परत उतरवून त्यात प्रोफाइल शिल्लक आहे का पाहा. आणि हे फक्त स्क्रीनपुरतं. छापील कॅटलॉग करायचा असेल तर आधी प्रेसवाल्याला विचारा.

जाता जाता, खिडकीच्या उजेडात फोटो काढताना खोलीतली ट्यूब बंद ठेवा. दोन उजेड मिसळले की साडीची एक बाजू निळी, दुसरी पिवळी, आणि एकाच व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुधारत नाहीत. लॅपटॉपचा नाइट लाइटही बंद हवा, तो स्क्रीन पिवळट करतो.

धूपछाव साडीचं मात्र वेगळं आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एक 'बरोबर' फोटो शोधत बसू नका. दोन कोनांतून दोन फोटो आणि पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ द्या.

आज त्या मोरपंखीची एकच फाइल कन्व्हर्ट करून चढवा आणि आधीचा-नंतरचा स्क्रीनशॉट इथे टाका. मी रात्री बघतो.