साखर कारखान्यातलं रिटेन्शन: हंगामी कामगाराला घरी बसून पैसे का मिळावेत?

तुम्ही लिहिलंय की भाऊ साखर कारखान्यात हंगामी कायम (दर हंगामात परत घेतला जाणारा) पॅनमन, म्हणजे उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरणारा कामगार आहे. गाळप बंद झालं की तो घरी असतो आणि तेवढ्या काळात पगाराचा काही हिस्सा रिटेन्शन म्हणून मिळतो. पुण्यात कंपनीत असलेले तुमचे मेहुणे त्यावर चिडतात: "आम्ही बारा महिने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरतो. नोकरी गेली तर जन्मात एकदाच तीन महिने मदत. यांना युनियनच्या जोरावर दरसाल घरबसल्या पैसे. हा कुठला न्याय?"

मी एका सहकारी कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षं काढली आणि नंतर युनियनचं काम केलं, म्हणून जरा लांबून सांगतो. माझ्या मते भावाला मिळतं ते रास्त आहे. मेहुण्यांची तक्रारही खरी आहे, पण ती भावाविरुद्ध नाही.

आधी मेहुण्यांचं. ते म्हणतात ती ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 साली सुरू झालेली. सुरुवातीला सरासरी रोजंदारीच्या 25 टक्के मिळायचे, कोरोनाच्या काळात ते 50 टक्के केले. मुदत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तीही आयुष्यात एकदा. हे फारच थोडं आहे, यात वाद नाही. पण भाऊ या योजनेत नाहीच. कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 चा, आणि त्यात हंगामी कारखाने पहिल्यापासून वगळलेले होते. व्याख्येतच नावं होती: जिनिंग (कापसातून सरकी काढणं), प्रेसिंग (गाठी बांधणं), भुईमूग फोडणं, चहा, कॉफी, साखर, अगदी गूळसुद्धा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवलाय. म्हणजे मेहुण्यांच्या वर्गणीतला एक रुपयाही भावाकडे जात नाही.

दुसरं, लेऑफची भरपाई. एरवी काम नाही म्हणून कामगाराला बसवून ठेवलं तर औद्योगिक विवाद कायद्याने मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला कलम 25अ होतं: हंगामी स्वरूपाच्या आस्थापनेला हे लागू नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तीच तरतूद उतरली. आणि हंगाम संपल्यावर घरी पाठवणं ही कामगारकपात नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये पंजाबच्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सांगून टाकलं. मात्र त्याच निकालात कारखान्याला नोंदवही ठेवायला आणि पुढच्या हंगामात त्याच माणसांना ज्येष्ठतेप्रमाणे परत घ्यायला सांगितलं. लोक निकालाचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा त्या दुसऱ्या भागात आहे.

कारखाना चार-पाच महिनेच का चालतो? ऊस साठवता येत नाही. तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटतो, आणि उन्हं तापली की उभ्या उसातलीही साखर कमी होते. हा उद्योगाचा स्वभाव आहे, कामगाराचा आळस नाही. पॅनमध्ये दाणा कधी धरला, कधी पाक सोडायचा, हे ओळखणारा माणूस चार दिवसांत तयार होत नाही. बॉयलर पेटला की तो पहिल्या पाळीला हजर हवा. उन्हाळ्यात तो दुसरीकडे कायमचा चिकटला तर नुकसान कारखान्याचं. म्हणून वेतन मंडळांच्या काळापासून रिटेन्शन ठरत आलंय, आणि आपल्याकडे पुढे कारखाने, संघटना आणि शासन यांच्या त्रिपक्षीय करारांतून ते चालू राहिलं. कुशलाला जास्त, निमकुशलाला कमी, अकुशलाला त्याहून कमी, ही रचना पाहिली तरी कळतं की हा बेकारीवरचा दयाभत्ता नाही. दया असती तर अकुशलाला जास्त मिळालं असतं. माणूस राखून ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती कारखाना देतो, कारण गरज त्याची आहे.

इथे एक आक्षेप मात्र मी मनावर घेतो. विमा हा अनपेक्षित संकटासाठी असतो. हंगाम दरवर्षी संपणारच, मग त्याचा विमा कसा काढायचा? प्रश्न योग्य आहे. कॅनडाने 1957 पासून मच्छीमारांना बेकारी विम्यात घेतलं, आणि वर्षभर काम करणाऱ्यांनी हंगामी धंदे का पोसायचे हा वाद तिथे आजही चालतो. अमेरिकेत जो मालक जास्त माणसं कमी करतो त्याच्यावर बेकारी विम्याचा कर साधारणपणे जास्त बसतो. मला हे तत्त्व पटतं: ज्या धंद्याला हंगामी माणूस लागतो, त्याने त्याच्या रिकाम्या महिन्यांचा भार उचलावा, आणि मालाच्या किमतीत तो धरावा. रिटेन्शन त्या तत्त्वाच्या जवळ आहे.

सगळं हंगामी म्हणजे अन्यायच, असंही मी म्हणणार नाही. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराऐवजी हंगामाला सात दिवस मिळते, यावर सभांमध्ये फार ओरड होते. सहा महिन्यांच्या कामाला पंधराचे निम्मे साडेसात होतात. हिशेब फारसा वाकडा नाही. उलट 1995 च्या पेन्शन योजनेत हंगामी कामगाराची सेवा वर्षभराची नसली तरी ते वर्ष पूर्ण धरतात. ही तरतूद चांगली आहे.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. रिटेन्शन कायद्याने नाही, कराराने मिळतं. म्हणून जिथे संघटना आहे तिथे ते आहे. त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून आलेला पोरगा पोत्यांची थप्पी लावतो, हंगाम संपला की त्याला काही नाही. विदर्भातल्या जिनिंगमध्ये रुई उडत असताना राबणाऱ्या बायकांना काही नाही. आणि ज्यांच्या कोयत्यावर हे सगळं उभं आहे, त्या बीड-नगरकडच्या तोडणी मजुरांना मुकादमाची उचल मिळते. रिकाम्या महिन्यांत त्यांच्या हातात पडतं ते कर्ज, आणि ते पुढच्या हंगामात अंगावर फेडायचं. कारखान्याला तेही दरवर्षी हवेच असतात. मग राखून ठेवण्याची किंमत पॅनमनला भत्ता म्हणून आणि त्यांना उचल म्हणून का? युनियनने भावासाठी जास्त मिळवलं हा अन्याय नाही. बाकीच्यांपर्यंत ते पोचवलं नाही, यात आम्हा संघटनावाल्यांचाही दोष आहे.

हे अशक्य म्हणणाऱ्यांना मी मुंबई गोदीचं उदाहरण देतो. जहाज आलं तर काम, नाही तर नाही, इतकं बेभरवशाचं ते काम. 1948 च्या कायद्यानंतर तिथे डॉक लेबर बोर्ड झालं, कामगारांची नोंदणी झाली, महिन्याला ठराविक दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली, आणि हजेरी लावून काम न मिळाल्यास त्याचेही पैसे ठरले. खर्च मालकांकडून लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी घेऊन भागवला. 1969 च्या माथाडी (हमाल) कामगारांच्या कायद्यानेही लेव्हीचाच रस्ता धरला. टनामागे लेव्ही घेऊन तोडणी मजुरांना आणि ठेक्यावरच्यांना रिकाम्या महिन्यांत भत्ता देता येईल. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे पैसे घ्यायचं तत्त्व राज्याने मान्य केलेलंच आहे.

आता भावाने करायच्या गोष्टी. कारखान्याला लागू असलेल्या कराराची प्रत युनियनकडून मागून घ्या आणि आपला हुद्दा कुशल श्रेणीत धरलाय का ते पाहा. रिटेन्शनमधला सगळ्यात मोठा घोळ मी तिथेच पाहिलाय. हजर होण्याची नोटीस लागली की मुदतीत हजर व्हायचं आणि रुजू अहवालाची पोच घ्यायची, नाही तर मागचं रिटेन्शनही अडकू शकतं. दर हंगामाच्या हजेरीचा उतारा जपून ठेवा. पीएफच्या पासबुकात प्रत्येक हंगाम आलाय का तेही तपासा, कारण पेन्शनला दहा वर्षं मोजताना एखादा हंगाम गाळलेला निघाला तर जुना मस्टर शोधून देणारं तेव्हा कुणी भेटत नाही. आणि रिटेन्शन थकलं असेल तर एकट्याने अर्ज करू नका. सगळ्या हंगामी लोकांची यादी करून, सह्या घेऊन युनियनमार्फत कामगार आयुक्त कार्यालयात जा.