गोळा बसून फेकावा की उभ्यानं?

प्रश्न : मळणी यंत्रात अपघात होऊन मुलाचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. वय १६, अकरावीला आहे. जयपूर फूट लावून चालतो, गोळाफेकीचं वेड आहे. लोक म्हणतात ब्लेड (धावण्यासाठीचा कृत्रिम पाय) घ्या. कर्ज काढू का? खेळातून नोकरी लागेल का?
– एक पालक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : कर्ज मुळीच काढू नका. ब्लेड धावणाऱ्यांसाठी, गोळा फेकायला ते लागत नाही.

तुमच्या मुलापुढे दोन वाटा आहेत. कृत्रिम पाय लावून उभ्यानं फेकणारे पॅरा खेळांतल्या एफ-६४ वर्गात येतात. सुमित अंतिलचं पॅरिस पॅरालिम्पिकमधलं (२०२४) भालाफेकीचं सुवर्ण याच वर्गातलं. बसून फेकणारे एफ-५७ मध्ये. तिथं पुरुषांचा गोळा ४ किलोचा. होकाटो सेमानं पॅरिसमध्येच १४.६५ मीटरवर कांस्य घेतलं. प्रत्येक वर्गाला प्रत्येक प्रकार मोठ्या स्पर्धेत नसतो, ते आधी पाहा. गोळाच फेकायचा तर माझा कल बसून फेकण्याकडे आहे.

यूडीआयडी कार्डावरचे (दिव्यांगांचं ओळखपत्र) टक्के सवलतींपुरते. खेळातला वर्ग वर्गीकरण पथक स्वतः तपासून ठरवतं आणि स्पर्धेतही बघतं. शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे जपून ठेवा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटून राज्य पॅरा संघटनेमार्फत नोंदणी कशी करायची ते विचारा.

फेकीची खुर्ची गावातला वेल्डिंगवालाही करील. बैठक गादीसह जमिनीपासून ७५ सेंमीच्या वर नको, मागची कड पुढच्यापेक्षा उंच नको. धरायचा दांडा सरळ आणि जाड हवा. फेकताना दांडा वाकला तर फेक बाद होऊ शकते. खेळाडूला बांधायचे पट्टे न ताणणारे. खुर्ची जमिनीला घट्ट बांधा, नाहीतर जोर तिच्या हलण्यातच जातो. नवख्यांची फेक बहुधा एकाच कारणानं बाद होते: चांगल्या पायानं रेटा देताना बूड उचललं जातं. म्हणून मोबाइलवर बाजूनं चित्रण करा. बसून फेकणाऱ्याला आपल्या फेकी लागोपाठ कराव्या लागतात, तेव्हा सरावही तसाच लागोपाठचा.

कापलेल्या पायाचा उरलेला भाग रोज आरशात तपासा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामानं सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) कातडी सोलते आणि जखम झाली की पाय लावणंच बंद. सराव सकाळी लवकर उरका. वाढत्या वयात हाडाचं टोक वाढून टोचू शकतं. तसं झालं तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

नोकरीचं म्हणाल तर राज्यात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. फी घेऊन पदक वाटणाऱ्या स्पर्धेचा कागद तिथं टिकत नाही. दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण वेगळं, त्याला पदक लागत नाही. शिक्षण मात्र लागतं. त्यामुळे बारावीच्या परीक्षेवर स्पर्धेची तारीख आली तर परीक्षा द्यायला लावा.