जुन्या बसच्या ॲल्युमिनियम रिमवर पॉलिश लावूनही चमक का येत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: बस बरीच वर्षं उघड्यावर उभी होती, रिम पांढुरके-करडे पडलेत, दोन वेगवेगळी पॉलिश घासून झाली, तरी चमक येईना. मग आता रिमच बदलायचे का?

बदलू नका. ट्रक-बसच्या रिमचं बफिंग, म्हणजे मशीनच्या कापडी चाकाने घासून चमकवणं, हेच माझं काम आहे, आणि निम्मे लोक याच तक्रारीने येतात. तिसरं पॉलिश आणूनही काही होणार नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा बारीक थर धरतोच, त्याने काही बिघडत नाही. पण मीठ, चिखल, ब्रेकची भुकटी आणि कडक क्लीनर यांनी हळूहळू बारीक खड्डे पडतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि रिम मळकट दिसतो. पॉलिशमधले कण इतके बारीक असतात की त्यांनी खड्डे सपाट होत नाहीत. ते काम पॉलिश पेपरचं, म्हणजे सँडपेपरचं.

पण पेपर हातात घेण्याआधी रिम नेमका कसला आहे ते बघा. कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर बहुधा पारदर्शक लॅकर आहे. लॅकरखाली गांडुळासारख्या पांढऱ्या रेघा धावत असतील तर गंज आत शिरलाय. तो लॅकर ॲल्युमिनियमला चालणाऱ्या पेंट रिमूव्हरने काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही रिमवर कारखान्यातच खास प्रक्रिया केलेली असते, अल्कोआचे ड्युरा-ब्राइट हे त्यातलंच. ते नुसते धुवायचे, घासायचे नाहीत. रिमला लोहचुंबक चिकटला तर तो स्टीलचा, म्हणजे चमक क्रोमची. त्यावर पेपर मारलात तर क्रोमच जाईल.

धुताना रिम थंड असू द्या, साधा शाम्पू आणि ब्रश पुरे. डांबराचे डाग रॉकेलने निघतात. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही लावू नका, ॲल्युमिनियम काळं पडतं. ॲसिडचे क्लीनर झटपट काम करतात म्हणून लोक वापरतात, पण त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत शिरतं, आणि पातळ असेल तर सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. मी ते दुकानात ठेवत नाही.

आता घासणं. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खड्डे खोल असतील तर ३२० किंवा ४०० नंबरपासून सुरुवात, मग ६००, ८००, १०००, १५००, जमलं तर २०००. पेपर पाण्यात भिजवून वापरा. प्रत्येक नंबरला दिशा बदला: ४०० ने गोलाकार घासलंत तर ६०० ने आडवं. मागच्या नंबरच्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्या की नाही ते टॉर्च तिरका धरून बघा. एखादी जरी राहिली, तरी बफिंगनंतर ती आणखी ठळक दिसते, आणि मग सगळं मागे जाऊन करावं लागतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण आरसा इथेच तयार होतो. नटांच्या बसण्याच्या जागा आणि हबला टेकणारा भाग मात्र घासू नका.

बफिंगला आधी कडक कापडाचं चाक आणि कापणारा कंपाउंड (चाकाला लावायचा घासणारा मसाला), मग मऊ सुती चाक आणि बारीक कंपाउंड. चाकं वेगवेगळी ठेवा, मिसळली की बारीक कामात चरे पडतात. मशीन एकाच जागी धरलं तर धातू तापतो आणि कंपाउंडचा काळा चिकट थर बसतो. हात सतत फिरता हवा. शेवटी उरलेली काळी पुटं मक्याचं पीठ भुरभुरून मऊ कापडाने पुसा. ऐकायला विचित्र वाटतं, पण पीठ तेलकटपणा शोषून घेतं.

मास्क आणि गॉगल लागतोच. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, म्हणून ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता तो इथे वापरू नका. लोखंडाच्या गंजाचे कण ॲल्युमिनियमच्या धुळीत मिसळणं धोक्याचं आहे. गाडी गुटके लावून आणि स्टँडवर उभी करूनच चाक काढा, नुसत्या जॅकवर नाही. टायर रिमपासून सोडवायचा असेल तर ते टायरवाल्याचं काम.

चाक निघालंच आहे तर धुतल्यावर नटांच्या भोकांभोवती आणि रिमच्या खिडक्यांच्या (हवेच्या मोठ्या भोकांच्या) कडांवर भेग आहे का बघा. नटापासून गंजाचा ओघळ निघालेला दिसला तर नट ढिला होता असं समजा. भेगेचा रिम चमकवू नका, टाकून द्या. चाक परत बसवल्यावर कंपनीने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, नट आवळा आणि ८० ते १६० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

चमक आली की त्यावर मेण किंवा सीलंट लावा, कारण उघडं ॲल्युमिनियम पुन्हा मंद होणारच. त्यानंतर मात्र तुमच्याकडची ती दोन पॉलिश कामी येतील, हलका हात मारला की पुरे. मागच्या जोडीतला आतला रिम बहुतेकदा स्टीलचाच असतो, त्यावर मेहनत घालवू नका.