दोन लॅब, दोन निकाल

प्रश्न : सुनेला गरोदरपणाचा सव्वीसावा आठवडा आहे. सरकारी दवाखान्यात उपाशी न राहता ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४६ आली, म्हणजे मधुमेह. खाजगी लॅबमध्ये उपाशीपोटी ८८, एका तासाने १६५, दोन तासांनी १४८ आली, तर 'नॉर्मल'. खरं काय मानायचं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत, फरक मोजपट्टीचा आहे. सरकारी पद्धतीत दोन तासांनंतर १४० किंवा जास्त म्हणजे गर्भावस्थेतला मधुमेह. खाजगी लॅबने लावलेल्या दुसऱ्या निकषात मर्यादा उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३. एक जरी गाठली किंवा ओलांडली तरी निदान होतं. सूनबाई नेमक्या मधल्या पट्ट्यात आहेत.

चूक होते ती बहुधा सुईनंतर. नळीतल्या पेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. नमुना उन्हातून फिरत उशिरा लॅबला पोचला तर आकडा खोटा कमी दिसतो, आणि फ्लोराइडची (साखर टिकावी म्हणून वापरतात ती) नळीही पहिला तास-दीड तास ही घट नीट रोखत नाही. ग्लुकोज ७५ ग्रॅम, सुमारे ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या वेळात पोहे-जिलबी नकोच!

एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, इथे फारशी कामाची नाही. रक्तक्षय असेल तर आणखीच फसवी. तिसऱ्या लॅबच्या मागे लागू नका. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आहार सांभाळा आणि त्यांच्या सल्ल्याने आठवडाभर साखर मोजा : उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.