वाचक विचारतात : चुन्यात पेज, बुरुजात टपाल

मागच्या अंकात तटबंदीवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी चीनच्या भिंतीबद्दल. तेव्हा या वेळी तीच घेऊ.

चंद्रावरून दिसणारी ही एकमेव मानवनिर्मित गोष्ट ना? (एक शाळकरी वाचक, मिरज)

नाही रे बाबा. भिंत लांब कितीही असो, माथ्यावर तिची रुंदी जेमतेम पाच-सहा मीटर, आणि रंग आजूबाजूच्या दगडमातीचाच. २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेइ पृथ्वीला फेऱ्या मारून आला आणि त्यानेच सांगून टाकलं, मला काही दिसली नाही. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. ही थाप त्याच्या कितीतरी आधीपासून छापली जात होती!

भिंतीच्या चुन्यात भात घालत, हे खरं का? आणि मेलेल्या मजुरांची हाडंही? (एक निवृत्त अभियंता, सातारा)

भात खरा, हाडं खोटी.

आपण फोटोत बघतो ती विटांची भिंत मिंग घराण्याच्या काळातली (१३६८ ते १६४४). तिच्या कितीतरी भागांत चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळलेली आहे. झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यामागचं कारण मांडलं. पेजेतल्या अमायलोपेक्टिन नावाच्या स्टार्चमुळे चुन्याचे स्फटिक मोठे होत नाहीत, बारीक राहून एकमेकांत घट्ट बसतात. आपल्याकडे घाण्यात चुना मळताना गूळ नि हिरड्याचं पाणी घालत, त्याच जातीची ही अक्कल.

हाडांची गोष्ट आली लोककथेतून. मंग जियांगच्या नवऱ्याला भिंतीच्या कामावर धरून नेलं. ती शोधत आली, रडली, भिंत कोसळली आणि आत त्याची हाडं निघाली. ही कथा सांगतात छिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाच्या नावावर. त्याची भिंत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली, बहुतेक ठोकून घट्ट बसवलेल्या मातीची. तिच्यापायी माणसं मेली हे खरंच आहे. पण भरावात मुडदा घातला तर तो कुजून पोकळी होणार. कुठला गवंडी असं करू देईल?

एवढं बांधून शत्रू थांबला का? (एक वाचक, पणजी)

याला हो-नाही असं उत्तर नाही. १४४९ साली तुमू इथे मंगोलांनी खुद्द मिंग सम्राटालाच कैद केलं, तेव्हा दरबार हादरला आणि भिंतीच्या कामाला जोर आला. तरी १५५० साली मंगोलांचा अल्तान खान बीजिंगच्या वेशीपर्यंत लुटालूट करत आलाच. पुढे १५६८ पासून छी जिग्वांग या सेनापतीने भिंतीवर जागोजाग बुरूज उठवले. पण माझ्या मते खरी शांतता आणली ती १५७१ च्या तहाने. अल्तान खानाला पदवी मिळाली, सीमेवर घोड्यांचे बाजार भरू लागले. जे विकत मिळतं ते लुटायला कोण जीव घालवेल?

आणि १६४४ साली भिंतीच्या पूर्व टोकाची, शानहायग्वानची वेस ईशान्येकडच्या मांचू फौजेसाठी उघडली ती आतल्याच मिंग सेनापतीने, वू सानग्वीने. बंडखोरांनी बीजिंग घेतलं होतं, त्याला मदत हवी होती. मांचू आले ते राहिलेच, १९१२ पर्यंत.

भिंतीवरचे शिपाई दिवसभर करत काय? (एक वाचक, डोंबिवली)

वाट बघत. शत्रू दिसला की दिवसा धूर, रात्री जाळ. १९०७ साली पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या पश्चिमेच्या वाळवंटात पोचला, तेव्हा दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या, हान घराण्याच्या काळातल्या बुरुजांपाशी जाळायला रचलेल्या बोरूच्या पेंढ्या तशाच होत्या. या मोहिमेचा काही खर्च तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने उचलला होता, आणि त्याने आणलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

त्याला सापडलेलं सगळ्यांत भारी म्हणजे एका पडक्या बुरुजातली कागदी पत्रं. समरकंदकडच्या सोग्दी व्यापाऱ्यांची, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, कधीच न पोचलेली. मीवनाय नावाच्या बाईला नवऱ्याने दुनहुआंगला आणून टाकलं होतं. तीन वर्षं ती नि तिची मुलगी तिथे अडकलेल्या. पदरी पैसा नाही, परतीला सोबत नाही. ती नवऱ्याला लिहिते, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं! पत्र आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. नवऱ्याला ते मिळालं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

जायचं तर कुठल्या भागात? (एक दांपत्य, नाशिक)

टूरवाले बादालिंगला नेतील. तिथे भिंतीपेक्षा डोकी जास्त. पाय साथ देत असतील तर जिनशानलिंगला जा. तिथल्या विटांवर मिंग घराण्यातल्या वान्ली सम्राटाच्या कारकिर्दीचं साल आणि वीट पाडणाऱ्या पलटणीचं नाव उठवलेलं आहे, बोट फिरवलं की लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर मुतियान्यू बरं : वर जायला केबल कार, उतरायला घसरगाडी. घसरगाडीत काकूंना पुढे बसवा, म्हणजे मागून ‘हळू, हळू’ म्हणणारं कोणी नाही.