पोट लहान केलं, पण नळ चालूच राहिला

“मॅडम, माझं पोट सैल पडलंय. परत आवळून मिळेल का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच अण्णांनी विचारलं. वय ४८, नाशिकला रविवार कारंजाच्या बाजूला नळ-पाइपांचं दुकान. (नाव बदललंय, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही. “लिहा बिनधास्त, माझ्यासारखे बरेच असतील,” असं त्यांनीच सांगितलं म्हणून लिहितेय.) दीड वर्षापूर्वी त्यांचं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा वजन १२८ किलो होतं. चौदाव्या महिन्यात काटा ८४ वर आला, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, जुने शर्ट वाटून झाले. त्यानंतरच्या चार महिन्यांत काटा ९१ वर.

“जेवण म्हणाल तर अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, वाटीभर वरण. एवढ्यावर माणूस फुगतो होय?”

शेजारी वहिनी मान हलवत होत्या. ती मान ‘हो, खरंय’ म्हणत होती की ‘कसलं काय’, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मी आहाराची समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारे खोटं बोलत नसतात. जेवण खरोखरच तेवढंच असतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला जेमतेम शंभर-दीडशे मिली मावेल एवढी. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त करून जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि नेमका तोच भाग निघून जातो. म्हणून पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. लोकांना वाटतं, सुटलो. पुढे भूक हळूहळू परत येते, कारण ती एकट्या घ्रेलिनवर चालत नाही. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर ऑपरेशन फसलं असंच वाटतं.

पण ‘सैल पडलंय’ हे मी हसून उडवलं नाही. आधी सर्जनकडे परत पाठवलं. दुर्बिणीच्या तपासणीत काही निघालं नाही, थायरॉइड आणि किडनीही ठीक. बी-१२ आणि डी ही व्हिटॅमिन्स मात्र बरीच खाली, हिमोग्लोबिनही कमी. व्हिटॅमिनच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेल्या. या ऑपरेशननंतर त्या गोळ्या बहुधा जन्मभराच्या असतात. तेवढ्यापुरतं मी जरा आवाज चढवून बोलले.

मग त्यांना चार दिवस जे तोंडात जाईल ते लिहायला सांगितलं. सुधारून खायचं नाही, जसं खाता तसंच. पुढच्या खेपेला बिलबुकाच्या मागच्या पानांवर सगळं लिहून आणलं होतं, तारखेसकट, दुकानदाराच्या शिस्तीत. सकाळ, दुपार, रात्र. अर्धी पोळी, वरण, भाजी.

वहिनींनी पान वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, “आणि खणातली पिशवी?”

गल्ल्याशेजारच्या खणात चिवड्याची पिशवी असते. नाशिकचा चिवडा, त्याची चव कशी असते ते नाशिककराला सांगायला नको. गिऱ्हाईक गेलं की एक मूठ. फोन ठेवला की थोडा. चहा आला की अर्थातच. हे खाणं अण्णांच्या लेखी ‘खाणं’ नव्हतंच, तो हाताला चाळा होता. गुरं दिवसभर चरतात तसं माणूसही चरतो, आणि चरलेलं कुणी मोजत नाही. आपल्या भाषेत याला इतका नेमका शब्द असताना मला कुठली परिभाषा वापरायची गरज पडत नाही.

टेबलावर वजनकाटा ठेवला, वर ताटली, आणि म्हटलं, “नेहमीची मूठ घ्या.” २८ ग्रॅम. दिवसाकाठी किती मुठी? दोघांची थोडी घासाघीस होऊन पाच ठरल्या. म्हणजे १४० ग्रॅम. तळलेल्या चिवड्यात शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणापेक्षा खणातलं जेवण मोठं. शिवाय पाच चहा, म्हणजे साखरच दहा चमचे, आणि संध्याकाळी बेदाणे, कारण पिंपळगावचा साडू पेटी पाठवतो आणि ‘फळच आहे ना ते’.

अण्णा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पाइप अर्ध्या इंचाचा बसवला, पण नळ दिवसभर चालू ठेवला.”

इतकं चोख मला आजवर सांगता आलं नव्हतं. ऑपरेशन एका वेळी किती मावेल ते ठरवतं. किती वेळा, ते ठरवत नाही.

इथवर गोष्ट सोपी होती. ‘चिवडा बंद करा, मनावर ताबा ठेवा’ असं सांगून मी त्यांना वाटेला लावू शकले असते आणि महिन्याभरात ते येईनासे झाले असते. मनावर ताबा हा सल्ला मला कधीच उपयोगी पडलेला दिसला नाही. मी विचारलं, “हे कधीपासून?”

उत्तर यायला वेळ लागला. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात ओझरला पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत आग्रह झाला, गप्पांच्या नादात पनीरचे दोन मोठे तुकडे आणि नानचा घास भराभर गेला. छातीत दगड अडकल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं. चार पाहुण्यांसमोर उठून मांडवामागे जावं लागलं, तेही दोनदा. “लोक म्हणायला लागले, पैसे देऊन आजार घेतलान. तेव्हापासून घट्ट काही खायची भीतीच बसली, मॅडम. चिवडा कसा, कधी अडकत नाही.”

खरी गाठ ही होती. लहान झालेल्या जठरात न चावलेलं पनीर, सुकी पोळी, कडक मांस अडतं. चिवडा, खारी, बिस्कीट, भडंग हे तोंडातच विरघळतं, वर चहाचा घोट गेला की सुळकन खाली उतरतं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, म्हणून तासाभरात पुन्हा हात खणात. जे पोटात टिकून राहतं, भूक धरून ठेवतं, ते प्रोटीनच नेमकं भीतीपोटी सुटलेलं. अण्णा अधाशी नव्हते, घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला बंदी घातली तर तो चोरून खातो.

पोटातल्या प्रोटीनचा हिशोब केला तेव्हा दिवसाचं तीस ग्रॅमच्या वर जाईना. डिस्चार्जच्या कागदावर ६० ते ८० लिहिलेलं. “पण प्रोटीन संपलं की, तीन महिन्यांत,” अण्णा म्हणाले. त्यांच्या लेखी प्रोटीन म्हणजे पावडरीचा डबा. डबा संपला, गोडमिट्ट होता म्हणून दुसरा आणला नाही, विषय मिटला. आणि वरण? वरणात डाळ असते, डाळीत प्रोटीन असतं, हे सगळं खरं. पण त्यांच्या घरचं वरण पातळ. एका वाटीत जेमतेम मूठभरही डाळ नाही, म्हणजे तीन-चार ग्रॅमचा मामला. पोटातली जागा पाण्यानेच भरते.

वजन भराभर उतरत असताना प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिना चढताना अण्णांच्या मांड्या भरून यायच्या, ते वयावर ढकलत होते. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेकांचे गळतात आणि परत येतात. पण प्रोटीन, लोह कमी असेल तर ते लांबतं.

अडचण अशी की अण्णा माळकरी. अंडी-मासे नाहीत. “मग आमच्यात कुठून आणायचं प्रोटीन?” हे वाक्य माझ्या निम्म्या पेशंटांचं असतं. त्या दिवशी मी आणि वहिनी तासभर बसलो, अण्णांना बाहेर चहा प्यायला पाठवून. बिनसाखरेचा.

सुरुवात भीती न वाटणाऱ्या पदार्थांनी केली. सकाळी मुगाच्या डाळीचं एक जाडसर मऊ धिरडं. डाळ भिजवण्याआधी ४० ग्रॅम मोजून घ्यायची, ती एकटीच नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन देते. दुपारी घट्ट पिठलं, आधी तेच खायचं, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळीचा चतकोर. आपल्या ताटात उलटं होतं: पोळी आधी पोट भरते आणि उसळ वाटीत राहते. संध्याकाळी चक्का, श्रीखंडाचा, पण साखर घालण्याआधीचा. त्यात जिरेपूड आणि मीठ. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून खिम्यासारख्या. कोरड्या २५ ग्रॅममध्ये बारा-तेरा ग्रॅम मिळतात. अण्णांना वास आवडला नाही. दोनदा पाणी बदलून, आलं-लसूण वाढवल्यावर चालला. बिनगोडाची व्हे पावडर अर्धा चमचा-माप ताकात, सकाळी अकराला. दुधापासूनचीच असते हे पटवायला अण्णांच्या आईंना डबा दाखवावा लागला. पनीर पाचव्या आठवड्यात आलं, तुकडे नाहीत, भुरजी करून. सत्तरच्या आतबाहेर आकडा तेव्हा कुठे पोचला. हे आकडे अण्णांचे. ज्यांच्या किडनीला आधीच त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

खाण्यापेक्षा खाण्याची रीत बदलणं जड गेलं. दुकानात डबा उघडला की कुणीतरी ‘एक इंची एल्बो द्या’ म्हणत येतो आणि घास तसाच गिळला जातो. शेवटी सव्वा वाजता पंचवीस मिनिटं पुतण्याने गल्ला सांभाळायचा असं ठरलं. शेंगदाण्याएवढा घास, तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा, मध्ये चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी-ताक बंद, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. ताकाने घास ‘ढकलायची’ सवय मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. दुसऱ्या महिन्यात अण्णा सांगत आले, “भुरजी अडकली नाही.” एखादी परीक्षा पास झाल्यासारखं. (एवढं करूनही वरचेवर उलट्या होत असतील, पाणीही ठरत नसेल, तर समुपदेशकाकडे नाही, त्याच दिवशी सर्जनकडे जायचं.)

आणि चिवडा? तो बंद केला नाही. खणातून घरी गेला. पाच वाजता लहान वाटीत, एक मूठ, बसून, आणि चक्का खाऊन झाल्यावर. दुकानात हाताला चाळा हवाच होता, तर फुटाणे चालतील का असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. फुटाणे चांगलेच, मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रोटीन आहे, पण खण तोच राहिला तर चरणंही तेच राहील. फुटाणेही वाटीतच, वेळेवरच. खणात आता टेफ्लॉन टेपची रिळं असतात.

एकादशीचा पेच निराळा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आपण उगाच म्हणत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत प्रोटीन म्हणजे काय ते शेंगदाण्याच्या कुटाचं, बाकी नुसता स्टार्च. महिन्यातून दोन दिवस हिशोब कोसळायचा. राजगिरा, दूध, दही ठरलं. पनीर उपासाला चालतं का यावर घरात वाद झाला. आईंनी निकाल दिला: दुधाचंच ना, मग चालतं.

दिवाळीपर्यंत वजन ८७. दिवाळीनंतर ८९, आणि अण्णा तीन आठवडे आलेच नाहीत. वहिनींचा फोन आला, “हे म्हणतात, मॅडमना तोंड कसं दाखवू.” मी म्हटलं, तोंड नको, बिलबुक आणा. त्यात फराळाची पानं प्रामाणिक लिहिलेली होती: चकली ४, करंजी २, ‘मोजलं नाही’, ‘मोजलं नाही’. हे ‘मोजलं नाही’ त्यांनी स्वतःहून लिहिलं याचा मला काट्यावरच्या दोन किलोंपेक्षा जास्त आनंद झाला, आणि तसं मी सांगितलंही. पुन्हा धिरड्यापासून सुरुवात केली.

फेब्रुवारीत ८६. बी-१२ जागेवर आलं, जिना चढताना आता थांबावं लागत नाही. ८४ परत दिसेल का, हे ते दर वेळी विचारतात. कदाचित नाही दिसणार. सगळ्यात खाली गेलेला आकडा हाच आपला खरा आकडा असं मानू नका, एवढंच मी म्हणते, आणि त्यांना ते अजून फारसं पटलेलं नाही.

गेल्या खेपेला उठता उठता दारातून परत वळले. “मॅडम, रविवारी मित्र मिसळीला बोलावतात. नाशिकमध्ये राहून किती दिवस नाही म्हणू?”

जा म्हटलं. मोडाच्या मटकीच्या वाटीत सहा-सात ग्रॅम प्रोटीन आहे. मटकी जास्त मागा, फरसाण चिमूटभर वरून, तर्री बेताची, पाव नको, पापड अर्धा. आणि पाणी नंतर.

सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. ताटलीत नुसती मटकी, वर कांदा, शेजारी अर्धा पापड. खाली लिहिलं होतं: “पाव परत दिला. मालक म्हणाला, पैसे कमी होणार नाहीत.”